बुखाऱ्याला दोन दिवस द्यावेत की नुसतं शिवून पुढे जावं?

गोधडी
मंडळी, सल्ला हवाय. ऑक्टोबरात नऊ दिवस उझबेकिस्तान ठरतंय, मी, नवरा आणि आई. ताश्कंद आणि समरकंद नक्की झालंय, घोडं अडलंय बुखाऱ्यावर. नवऱ्याने पंधरावीस व्हिडिओ बघून निकाल दिलाय की समरकंद झालं की बुखारा म्हणजे तेच ते, निळे घुमट आणि मातकट भिंती, त्यापेक्षा सरळ खीवाला, म्हणजे तिथल्याच दुसऱ्या जुन्या शहराला, जाऊ. मला शाळेत असल्यापासून बुखारा हा शब्दच आवडतो, याला काही लॉजिक नाही. आईचं वय ७१, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. तर दोन मुक्काम द्यावेत, समरकंदहून एका दिवसात जाऊन यावं की काटच मारावी? जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, गूगल मलाही येतं.

उंटावरचा_शहाणा
आलुबुखारा दादरला मिळतो. तो आणा, घरी बसून खा, लाखभर रुपये वाचतील. दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या हो.

रुळावरून_घसरलेला
काट मारू नका. आधी गाडीचं सांगतो कारण सगळं गणित तिथेच बसतं. ताश्कंदहून अफ्रोसियोब नावाची वेगवान गाडी समरकंदला दोनेक तासांत आणि बुखाऱ्याला चारेक तासांत नेते. एका दिवसात जाऊन येणं कागदावर जमतं, पण तिकिटं सीझनला भराभर उडतात, विक्री सुरू झाल्या झाल्या काढा. आणि दुसरं म्हणजे बुखारा स्टेशन बुखाऱ्यात नाहीच्चे. ते आहे कागान गावात, दहाबारा किलोमीटर लांब. १८८८ मध्ये रशियनांची रेल्वे आली तेव्हा अमीराला, म्हणजे तिथल्या राजाला, आणि मुल्लामंडळींना त्या धूर ओकणाऱ्या प्रकरणाचा एवढा संशय, की शहराजवळ येऊच दिली नाही. पुढे अमीरसाहेबांनाच गाडीचा शौक लागला ते सोडा. म्हणजे उतरा, टॅक्सी करा, फिरा, परत टॅक्सी, आईंना नाही झेपणार. दोन मुक्काम करा. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहानंतर फिरायचं, मधे ताणून द्यायची.

ठोकळा
मम. दोन मुक्काम.

खमंग_काकू
शाकाहाराचं मी सांगते, आम्ही २०१९ ला गेलेलो. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी वेटरला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, नो मीट, ओन्ली सब्जी. तो मुलगा खूश होऊन गेला आणि ताटभर गाजरं घेऊन आला. किसलेली गाजरं, वाफवलेली गाजरं. मग कळलं की त्यांच्याकडे सब्जी म्हणजे गाजर! दुसऱ्या दिवशी दुसरीकडे हाच प्रयोग, परत गाजरं, कारण ह्यांना वाटलं पहिला वेटर अडाणी होता.

असो. आईंसाठी सांगते. नान म्हणजे नोन मिळतो, तंदूरमधला गोल, मधे ठशाने नक्षी पाडलेला, गरम असताना नुसता खाल्ला तरी जेवण होतं. टोमॅटो कांद्याची पातळ कापलेली कोशिंबीर सगळीकडे असते. भोपळ्याचा सोमसा (आपला समोसाच, पण तंदूरमध्ये भिंतीला चिकटवलेला) विचारून घ्या, भोपळ्याला कोवोक म्हणतात, पण चरबी घातलेली असू शकते तेव्हा खात्री करा. पुलाव विसरा. बुखाऱ्याचा पुलाव तांब्याच्या भांड्यात थरांवर थर लावून न ढवळता शिजवतात, म्हटलं तर मांस बाजूला काढता येईल पण आईंना ते चालायचं नाही. फळं मात्र पोटभर, द्राक्षं डाळिंबं आणि खरबुजं अशी की आपल्याकडची परत तोंडात धरवत नाहीत. मेतकूट, भाजणी, लोणचं न्या. नोन उलटा ठेवू नका, त्यांना आवडत नाही.

उंटावरचा_शहाणा
काकू, ह्यांनी दोनदा गाजरं खाल्ली म्हणजे नजर आता चांगली असेल.

खमंग_काकू
नजर चांगलीच आहे, ऐकू येत नाही.

अर्धा_कटिंग
मी जरा वेगळा सूर लावतो, मार खायची तयारी आहे. मागच्या वर्षी जाऊन आलो, मला बुखारा फिल्मसिटी वाटलं. मदरशात शिरा, पोरांच्या एकेका खोलीत एकेक दुकान, मॅग्नेट, स्कार्फ, चिनीमातीच्या थाळ्या, परत मॅग्नेट. विटा इतक्या गुळगुळीत की कालच रचल्यात असं वाटावं. खीवा निदान प्रामाणिकपणे म्युझियम आहे, बुखारा म्हणतं मी जिवंत शहर आहे आणि विकतं मॅग्नेट. गोधडीताई, तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत.

गोधडी
हा प्रतिसाद मी घरात दाखवणार नाहीये.

शब्दवेडी
अर्धा_कटिंग, दुकानांवर रागावताय पण ते शहर बांधलंच दुकानांसाठी हो. जुन्या रस्त्यांच्या चौकाचौकांवर घुमट टाकून बाजार केलेत, त्यांना तोकी म्हणतात, त्यातले तीन शिल्लक आहेत. एक तोकी झरगरोन, म्हणजे सोनारांचा. एक तोकी तेलपाक फुरुशोन, टोप्या विकणाऱ्यांचा. आणि तिसरा तोकी सर्राफोन. सराफांचा! मी तिथे पाटी वाचून हसतच सुटले, सराफ कट्टाच की आपला. काफिला आला की इथे आधी नाणी बदलायची, मग पुढचा व्यवहार. जवळच अब्दुल्ला खानाचा टीम आहे, कापडाचा बंदिस्त बाजार, १५७७ चा, बाहेर भाजून निघताना आत गार. मला तर त्या गावात फिरताना सारखं वाटत होतं की कोणीतरी मराठी बोलतंय पण दात पडलेत. दुकानाला दोकोन, कैचीला कायची, न्याहारीला नोनुश्ता, बिल हवं असेल तर हिसोब म्हणायचं. हिशेब! आणि गावाच्या मधोमध लबी हौज. लब म्हणजे ओठ, काठ. हौज म्हणजे आपला हौद. सरळ भाषांतर केलं तर पत्ता होतो "हौदाकाठ, बुखारा".

ठोकळा
काळा हौद, हौदाकाठ, बुखारा पेठ. पिनकोड सांगा.

अर्धा_कटिंग
शब्दवेडी, सराफ होते मान्य. ते मॅग्नेट विकत नव्हते.

शब्दवेडी
ते काय विकत होते त्यातलं अर्धं तुम्हाला तेव्हाही नको असतं. बुखारा गालिचा म्हणून जगभर जो प्रसिद्ध आहे तो मुळात तुर्कमेन बायकांनी विणलेला, वाळवंटातून इथे विकायला यायचा म्हणून नाव बुखाऱ्याचं. बाजाराने नाव खाल्लं. आपल्याकडेही जिथे विकतात त्या गावाचं नाव पदार्थाला लागतंच ना.

सनातन_चौकस
बुखारा हे नाव मुळात "विहार" वरून आलंय हे कोणी सांगितलं नाही अजून. म्हणजे तिकडे सगळं आपलंच होतं.

उंटावरचा_शहाणा
आले. चला, धाग्याला शंभरी गाठायची सोय झाली.

शब्दवेडी
चौकस, पहिलं वाक्य काही अभ्यासकांचं मत आहे, बौद्ध विहारावरून नाव पडलं असावं असं, आणि त्या भागात बौद्ध धर्म होता हे खरंच आहे. दुसरं वाक्य तुमचं आहे. सोग्दियन व्यापारी, इस्लामी विद्वान, ज्यू रंगारी, तुर्कमेन, मुलतानी सावकार, सगळे तिथे होते, "आपलंच" म्हणायला रांग लावावी लागेल.

दर्यावर्दी
मुलतानी सावकारांचा विषय निघाला म्हणून. हिंदी व्यापाऱ्यांची बुखाऱ्यात स्वतंत्र सराई होती. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स १८३२ मध्ये तिथे पोचला, तो लिहितो की सुमारे तीनशे हिंदू होते, बहुतेक सिंधमधल्या शिकारपूरचे, बायकापोरं गावाकडे ठेवून आलेले. अटी काय, तर देऊळ बांधायचं नाही, मूर्ती बसवायची नाही, मिरवणूक नाही, शहरात घोड्यावर बसायचं नाही, वेगळा पेहराव घालायचा. या सगळ्यात राहून ते व्याजाने पैसे देत होते आणि अख्खा व्यापार त्या पैशावर चालत होता. म्हणजे "सगळं आपलंच" नव्हतं चौकसराव, भाड्याने होतं.

आणि एक गंमत. त्याच्या आधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षं, १५५८ च्या डिसेंबरात, अँथनी जेन्किन्सन नावाचा इंग्रज व्यापारी मॉस्कोमार्गे बुखाऱ्यात आला. त्याला वाटत होतं इथे मसाल्यांचे ढीग असतील. हिंदी व्यापारी भेटले पण त्यांच्याकडे पागोट्याला लागतं तसलं पांढरं तलम कापड. मसाले, रत्नं? काही नाही. कारण तो सगळा माल आता समुद्राने जातो आणि समुद्र पोर्तुगीजांच्या हातात! मी गोव्याचा, मांडवीच्या काठाला वाढलेला. वाळवंटातल्या त्या गावाचा धंदा बसवण्यात आमच्या जुन्या गोव्याच्या धक्क्याचा हात होता हे वाचलं त्या दिवशी मला उगाच अपराधी वाटलं. तेव्हा गोधडीबाई, माझ्या वतीने एक मॅग्नेट घ्या, भरपाई म्हणून.

अर्धा_कटिंग
हा प्रतिसाद आवडला. मॅग्नेटचा भाग सोडून.

डॉ_जमालगोटा
लबी हौजावर सगळे थांबताय पण खरी गोष्ट पुढे आहे. तो हौद १६२० च्या सुमाराचा, नादिर दिवान-बेगी नावाच्या वजिराने बांधलेला, भोवती जुनी तुतीची झाडं, दगडी पायऱ्या, चहाची टेबलं. सुंदर आहे, वाद नाही. पण असे हौद पूर्वी शहरात गल्लोगल्ली होते. झरफशान नदीचं पाणी शाहरूद नावाच्या पाटातून यायचं, हौदांत साठायचं आणि मश्कोब, म्हणजे आपले पखालजी, कातडी पखालींतून घरोघर पोचवायचे. त्याच पाण्यात पाय धुणार, तेच पिणार. आणि त्यातून मिळायचा नारू.

माझी आजी बार्शीकडची, तिच्या पोटरीवर नारूचा व्रण होता, त्यामुळे हा शब्द मी डॉक्टर व्हायच्या आधीपासून ऐकलाय. पाण्यात बारीक किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं, ते पाणी प्यायलं की सुमारे वर्षाने पायाला फोड येऊन त्यातून हातभर, कधी त्याहून लांब किडा बाहेर डोकावतो. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि नेमकं तेच नारूला हवं असतं, पुढची पिल्लं पाण्यात. उपाय एकच, काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सडतो. मघाशी दर्यावर्दींनी म्हटलेल्या जेन्किन्सननेही १५५८ ला हेच लिहून ठेवलंय, बुखाऱ्यातल्या लोकांच्या पायातून हात दीड हात लांबीचे किडे काढतात आणि तिथले वैद्य यात पटाईत.

१९२० च्या दशकात सोव्हिएत राज्य आल्यावर लिओनिद इसायेव नावाच्या डॉक्टरने हे हातात घेतलं. हौद उपसले, बुजवले, रोग्यांवर उपचार केले, आणि १९३१ पर्यंत बुखाऱ्यातून नारू संपवला. कुठली लस नाही, आजही नाही. अर्काच्या, म्हणजे अमीराच्या जुन्या किल्ल्याच्या, समोर एक लोखंडी मनोरा दिसेल, सगळे त्याला सोव्हिएत कुरूप डबडं म्हणतात. ती पाण्याची टाकी होती, शुखोव्ह या इंजिनिअरने आखलेली. हौद गेले आणि नळ आले ते तिच्यामुळे. आता तिच्यात लिफ्ट बसवलीय, वरून शहर बघता येतं. आईंच्या गुडघ्यांना बरं.

आपल्याकडे शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. महाराष्ट्रातही बराच होता, पायऱ्यांच्या विहिरींमुळे.

ठोकळा
जेवताना वाचला हा प्रतिसाद. धन्यवाद.

शब्दवेडी
डॉक्टर, आणि त्या किड्याला तिथे रिश्ता म्हणतात, बरोबर ना? फारसीत रिश्ता म्हणजे धागा.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे हा धागापण काडीला गुंडाळून रोज बोटभरच ओढायचा. ॲडमिननी घाई करून तोडू नये, सडेल.

डॉ_जमालगोटा
हाहाहा. बरोबर, रिश्ताच.

खमंग_काकू
माझ्या सासूबाई पाणी चार पदरी धोतराने गाळूनच घ्यायच्या, आम्ही हसायचो. आता कळलं.

अर्धा_कटिंग
हे डॉक्टरांनी लिहिलेलं मला तिथे असताना कोणी सांगितलं नाही. आमचा गाइड चंगीझ खानाची टोपीच सांगत बसला. (१२२० ला चंगीझने शहर जाळलं, कल्याण मिनाराच्या टोकाकडे बघताना टोपी पडली, ती उचलायला वाकला आणि म्हणाला याच्यापुढे मी वाकलो, हा पाडू नका, वगैरे.) सगळे गाइड हीच टोपी पाडतात.

रुळावरून_घसरलेला
टोपी पडली असो नसो, मिनार ११२७ चा आहे आणि उभा आहे. सुमारे ४६ मीटर, नुसती भाजलेली वीट, नक्षीचा एक पट्टा दुसऱ्यासारखा नाही. रात्री वर दिवा लावायचे म्हणजे वाळवंटातल्या काफिल्यांना दिशा कळायची, दीपगृहच ते, समुद्र नसलेलं. गुन्हेगारांना वरून ढकलायचे हेही आलं. १९२० ला फ्रुंझेच्या लाल सैन्याने शहरावर तोफा आणि विमानं चालवली त्यात अर्काचा बराच भाग जळला, मिनारालाही गोळे लागले. अमीर आलिम खान पळून शेवटी काबूलला गेला, तिथेच १९४४ ला वारला. तेव्हा कटिंगराव तुम्हाला विटा नव्या दिसल्या तर त्यातल्या काही खरोखर नव्या आहेत, आणि त्याचं कारण मॅग्नेट नाही.

ज्यांना नवं नको त्यांनी इस्माइल सामानीची कबर बघावी. दहाव्या शतकातली, बागेत आहे, छोटी चौकोनी. टोपली विणावी तशी वीट विणलीय. रंग नाही, निळी फरशी नाही, उन्हाप्रमाणे दर तासाला भिंतींचा पोत बदलतो. मी तिथे तीनदा गेलो. समरकंदला असलं काही नाही, हे तुमच्या मिस्टरांना सांगा.

अर्धा_कटिंग
ती मी पाहिली नाही. बसवाल्याने वीस मिनिटं दिली होती आणि त्यात बायकोने मॅग्नेट घेतले.

उंटावरचा_शहाणा
अखेर सत्य बाहेर आलं.

कोरडवाहू
इतके दिवस नुसता वाचत होतो. मी औरंगाबादचा, आताचं छत्रपती संभाजीनगर. आमच्याकडे पाहुणा आला की बीबी का मकबरा आणि पाणचक्की, ठरलेलं. लहानपणी पाणचक्कीच्या हौदातले मासे बघायला जायचो. भिंतीवरून पाणी धो धो पडतं, ते डोंगराकडच्या झऱ्यातून कित्येक किलोमीटर जमिनीखालच्या नळांतून येतं आणि सायफनने वर चढतं. चक्की कशाला, तर तिथल्या तकियातल्या, म्हणजे मठातल्या, फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पिठासाठी.

तो तकिया बाबा शाह मुसाफिरांचा. मुसाफिर कुठले, तर बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे! त्यांचे गुरू बाबा शाह पलंगपोशही तिथलेच. नक्शबंदी पंथाचे सूफी. पलंगपोश औरंगजेबाच्या काळात फिरोज जंगाच्या, म्हणजे पहिल्या निजामाच्या बापाच्या, फौजेबरोबर दख्खनभर फिरत होते. या निजाम घराण्याचा आजा आबिद खान, तोही बुखाऱ्यात काझी होता म्हणतात, १६८७ ला गोवळकोंड्याच्या वेढ्यात गेला. म्हणजे आमच्या मराठवाड्यावर सव्वादोनशे वर्षं राज्य कोणी केलं ते बघायला गेलं तर दोरी तिकडे जाते.

मी दोन वर्षांपूर्वी गेलो ते याच कारणाने. बुखाऱ्याहून तासाभरावर गिझदुवान, आता तिथे कुंभारकाम आणि कबाब प्रसिद्ध आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या कुंभाराला मोबाइलवर पाणचक्कीचा फोटो दाखवला, दुभाष्या मुलीने समजावलं की तुमच्या गावचा माणूस आमच्या गावात पुरलाय. त्याने फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ, आणि विचारलं, पाणी अजून येतं का?

मी म्हणालो येतं, पावसाळ्यात चांगलं, उन्हाळ्यात कधीकधी धार बारीक होते. तो म्हणाला आमचं पण तसंच. झरफशान तर पूर्वीपासूनच अमूदर्याला पोचत नाही, वाळूत जिरते. आता बुखाऱ्याचं पाणी बरंचसं पंपाने कालव्यातून अमूदर्याचं आणतात, कापसाला. आम्ही दोघं मग कापसावर बोलत बसलो. दुभाषी मुलगी कंटाळली.

शब्दवेडी
कोरडवाहू, _/\_

दर्यावर्दी
दंडवत. हे आधी का नाही लिहिलंत?

कोरडवाहू
गाजरांवर चर्चा चालू होती.

सनातन_चौकस
मान्य, "सगळं आपलंच" मागे घेतो. पण पाणचक्की आपली.

कोरडवाहू
पाणचक्की नळाची. नळ कोणाचा हे उन्हाळ्यात विचारा.

गोधडी
मंडळी तुम्ही कमाल आहात. नवऱ्याला मॅग्नेट सोडून सगळं वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं आता "पाण्याचं काहीतरी असेल तर बघू", तो जलसंपदा खात्यात आहे, मी आधी सांगायला हवं होतं. दोन मुक्काम पक्के, तिकिटं काढली. खीवा कटाप. डॉक्टर, आईला पाणी कुठलं द्यायचं?

डॉ_जमालगोटा
बाटलीबंद. नारू नाही पण नवं पाणी ते नवं पाणी. आणि प्रवासात पोट अडलं तर उंटावरच्या शहाण्यांचा सल्ला खरोखर घ्या. बाबराने लिहून ठेवलंय की बुखाऱ्याचे आलुबुखारे साल काढून वाळवून देशोदेशी नेतात आणि रेचक म्हणून उत्तम.

उंटावरचा_शहाणा
मी पहिल्या प्रतिसादातच औषध दिलं होतं. फी कुठे आहे?

रुळावरून_घसरलेला
मिस्टर जलसंपदावाले असतील तर चश्मा अयूब चुकवू नका, सामानी कबरीच्या शेजारीच. पैगंबर अयूबांनी काठी आपटली आणि पाणी आलं अशी कथा, आत विहीर आहे आणि आता त्याच इमारतीत शहराच्या पाणीपुरवठ्याचं छोटं म्युझियम केलंय.

(दीड महिन्याने)

गोधडी
धागा वर काढतेय, आलो काल परत. दिलेला शब्द पाळते, वृत्तांत.

गाजरं मिळाली. मी मुद्दाम सब्जी म्हटलं, काकूंच्या प्रेमाखातर.

पहिल्या संध्याकाळी लबी हौजाला गेलो. आई दगडी पायरीवर बसली ती दोन तास उठली नाही. तिथल्या आज्या येऊन तिच्या शेजारी बसल्या, ती मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत, नातवंडांचे फोटो झाले, एकीने खडीसाखर दिली चहाबरोबर चघळायला. गाइडने ती ज्यू विधवेची गोष्ट सांगितली, हौदाच्या जागेवर तिचं घर होतं, ते तिला सोडायचं नव्हतं म्हणून वजिराने घराला लागून पाट खणला, पाया खचला, मग तडजोड म्हणून दुसरी जागा मिळाली. आई म्हणे, रीडेव्हलपमेंटवाले सगळीकडे सारखेच. मग तिने पाण्यात बघून एकच प्रश्न विचारला, हा हौद शेवटचा कधी धुतला? गाइडला उत्तर आलं नाही.

जुन्या फोटोंत तिथल्या घुमटांवर आणि झाडांवर करकोच्यांची घरटी दिसतात. हौद बुजले, बेडूक गेले, करकोचे गेले. आता पत्र्याचे करकोचे बसवलेत काही ठिकाणी. लोहार मात्र करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या अजून करतात, चोच म्हणजे पाती. मी एक घेतली. शिवणाला चालत नाही पण भिंतीवर छान दिसते. कटिंगराव, हो, तीही दुकानातूनच.

नवरा चश्मा अयूबला दीड तास. पखालींचे, हौदांचे नकाशे, सगळ्याचे फोटो. मनोऱ्यावर लिफ्टने आई पण आली, अर्काची भिंत वरून भाजलेल्या भाकरीसारखी दिसते. तिथे तो मला म्हणाला, समरकंद भव्य आहे, पण इथे कळतं की लोक राहत कसे होते. मी काही बोलले नाही, बोटं मात्र मोजली, व्हिडिओ किती बघून काय निकाल दिला होता त्याची.

सामानी कबर सकाळी सातला. कोणी नव्हतं. कटिंगराव, परत जा, बसने नको.

गिझदुवानला जमलं नाही कोरडवाहू, आईचा पाय सुजला. पण परत आल्यावर तिने ठरवलंय, येत्या महिन्यात पाणचक्की. तिथे शिवशाही जाते, गुडघ्यांना सोपं.

कोरडवाहू
या. मासे आहेत अजून. निघताना निरोप टाका.

अर्धा_कटिंग
बायकोला वाचून दाखवलं. एप्रिलचं बघतोय. मॅग्नेटला बंदी या अटीवर.

दर्यावर्दी
माझी भरपाई?

गोधडी
घेतलाय, निळ्या घुमटाचा, मागे "मेड इन" दुसऱ्याच देशाचं आहे पण भावना समजून घ्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

उंटावरचा_शहाणा
आणि आलुबुखारा?

गोधडी
अर्धा किलो आणलाय. दादरपेक्षा महाग पडला.